कल्चर-सेन्सिटिव्हिटीचा नमुना परत का येतो? फॉर्म, कागद आणि वेळेचा हिशेब

कुठलं अँटिबायोटिक लागू पडेल आणि कुठल्याला जिवाणू दाद देणार नाहीत, हे कल्चर-सेन्सिटिव्हिटी तपासणीतून कळतं. नागपुरात मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) जा, नाहीतर मेयो रुग्णालयात जा, केस पेपर आणि डॉक्टरांच्या सहीचा तपासणी फॉर्म सोबत हवा. फॉर्मवरचं आणि डबीवरचं नाव तंतोतंत जुळू द्या. निर्जंतुक डबी प्रयोगशाळेतूनच घ्या. घरची बाटली उकळून आणली तरी चालत नाही.

खरी अडचण येते ती ‘आधी घेतलेली अँटिबायोटिक्स’ या रकान्याशी. गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी कुणाजवळच नसते आणि रकाना कोरा राहतो. मग वाढ नाही असा रिपोर्ट आला, तर जंतू नव्हतेच की औषधाने दबले होते, हे कोण सांगणार? चिठ्ठी नसेल तर गोळ्यांची रिकामी पाकिटं आणा, नाव त्यावरून उतरवता येतं. शक्यतो औषध सुरू होण्याआधीच नमुना द्या. सुरू झालं असेल तर पुढच्या डोसच्या आधी द्या आणि तसं फॉर्मवर लिहा.

दुसरा घोळ लघवीचा नमुना ‘२ तासांत’ प्रयोगशाळेत पोहोचवा या सूचनेचा. हे २ तास लघवी डबीत धरल्यापासून मोजायचे, नमुने घेण्याची खिडकी उघडल्यापासून नाही. खरं तर खिडकीवर ही वेळ मोठ्या अक्षरांत लिहायला काय हरकत आहे? अनुकूल उबेत इ. कोलाय (लघवीच्या संसर्गात नेहमी सापडणारा जिवाणू) साधारण दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना डबी पिशवीत फिरली, की मूठभर जंतूंचे लाखभर होतात. तीन-चार जातींची सरमिसळ वाढली, तर नमुना पुन्हा मागतात. उशीर होणार असेल तर डबी फ्रिजमध्ये ४ अंशांना ठेवा, २४ तास चालते. रक्ताच्या कल्चर बाटलीचं मात्र उलट आहे, ती फ्रिजमध्ये कधीच ठेवू नका. प्रौढांचं रक्त प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलि हवं, २ मिलि देऊन जंतू हाती लागणं कठीण. आणि पू किंवा मांसाचा तुकडा कल्चरसाठी असेल तर फॉर्मॅलिनमध्ये (तुकडे टिकवण्याच्या रसायनात) टाकू देऊ नका, त्यात जिवाणू मरतात.

दुसऱ्याच दिवशी रिपोर्ट मागायला येणाऱ्यांची चिडचिड होते, पण इथे घाई चालत नाही. आधी जिवाणू वाढायला एक दिवस जातो. मग ते म्युलर-हिंटन अगरवर (जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर) पसरून औषधाच्या ६ मिमीच्या चकत्या ठेवतात आणि १६ ते १८ तासांनी चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ पट्टीने मोजतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूसाठी ३० मायक्रोग्रॅम सेफॉक्सिटिन या अँटिबायोटिकच्या चकतीभोवती २१ मिमी किंवा कमी भरलं, तर तो एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिन गटाच्या औषधांना दाद न देणारा. २२ भरलं तर नाही. एका मिलिमीटरवर औषध बदलतं, म्हणून वेळ पूर्ण होऊ द्यावी लागते. लघवीचा रिपोर्ट साधारण ४८ ते ७२ तासांत मिळतो. रक्तात वाढ नाही हे सांगायला सहसा ५ दिवस थांबतात. रिपोर्ट घ्यायला येताना नोंदणी क्रमांकाची पावती आणा.