लाकडावरील कवकांच्या वर्गीकरणाची पार्श्वभूमी

पावसाळ्यात नागपुरात सेमिनरी हिल्सवर, रस्त्याकडेच्या गुलमोहरांच्या बुंध्याशी आणि लाकडाच्या टालांवर पडून राहिलेल्या ओंडक्यांवर जी कवके उगवतात, त्यांपैकी कित्येकांना आपण आजही युरोपातील नमुन्यांवरून ठरलेल्या नावांनी ओळखतो. ही नावे येथे कशी आली आणि आता ती पुन्हा का तपासली जात आहेत, हे समजण्यासाठी दोनशे वर्षे मागे जावे लागते.

स्वीडनच्या एलियास फ्रीस यांनी १८२१ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत कवकांची विभागणी मुख्यतः फळाच्या, म्हणजे कवकाच्या बाहेर दिसणाऱ्या भागाच्या, बीजाणू धरणाऱ्या बाजूवरून केली : छिद्रे असलेली एका गटात, दाते असलेली दुसऱ्यात, सपाट तिसऱ्यात. साध्या भिंगाने काम भागत असल्यामुळे ही पद्धत टिकली. परंतु तीच छिद्रे वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे निर्माण झालेली असल्याने परस्परांशी नाते नसलेली कवके एकत्र आली. पुढे फ्रान्सच्या पातुयार यांनी सूक्ष्मदर्शकाखालील रचनेला महत्त्व दिले आणि १९३२ मध्ये कॉर्नर यांनी फळातील तंतूंच्या प्रकारांवरून वर्गीकरणाला नवा आधार दिला. दरम्यान जर्मनीच्या रॉबर्ट हार्टिग यांनी १८७० च्या दशकात लाकूड कुजण्यामागे कवकच असते हे दाखवले होते. त्यापूर्वी कवक हा कुजण्याचा परिणाम आहे, असेच अनेक जण मानत.

भारतातील सुरुवातीचे पुष्कळसे नमुने नामकरणासाठी इंग्लंडला जात. सहायराम बोस यांनी बंगालमधील छिद्रधारी कवकांवर काम केले, बटलर व बिस्बी यांची भारतीय कवकांची सूची १९३१ मध्ये आली, तर डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील बक्षी यांचा ग्रंथ १९७१ मध्ये.

युरोपीय नाव चिकटण्याचे ठळक उदाहरण गुलमोहराच्या बुंध्यावरच दिसते. तेथील गॅनोडर्मा या कवकाचा वरचा भाग व्हार्निश दिल्यासारखा तांबूस चकाकतो, वाढती कड पिवळट पांढरी असते आणि पिकल्यावर आजूबाजूला तपकिरी बीजाणूंची पूड साचते. अशा चकाकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक नमुन्याला भारतात ‘ल्युसिडम’ म्हटले गेले. प्रत्यक्षात ते नाव कर्टिस यांनी १७८१ मध्ये इंग्लंडमधील नमुन्याला दिलेले होते. चीनमध्ये औषधी म्हणून लावले जाणारे गॅनोडर्मा वेगळ्या जातीचे आहे, हे मान्य होऊन तिला ‘लिंगझी’ हे नाव मिळाले ते थेट २०१२ मध्ये. केवळ चकाकीवर विसंबून केलेल्या आपल्याकडील जुन्या नोंदी म्हणूनच जपून वाचाव्यात, असे माझे मत आहे.

हा बदल डीएनएमुळे शक्य झाला. १९९० मध्ये आयटीएस हा जनुकीय पट्टा वाचण्याची सोपी रीत हाती आली आणि २०१२ मध्ये तोच पट्टा कवकांची जात ओळखण्याची अधिकृत खूण, म्हणजे बारकोड, ठरला. मात्र काही गटांत जवळच्या जाती त्यावरून वेगळ्या पडत नाहीत, म्हणून इतर जनुके व सूक्ष्म रचनाही पाहावी लागते. १ जानेवारी २०१३ पासून नव्या कवकनामाला मान्य नोंदणी केंद्राचा क्रमांक सक्तीचा आहे. शिवाय ज्यावरून जात ठरली तो मूळ नमुना संग्रहालयात जपून ठेवला जातो. महाराष्ट्रात पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील आजरेकर कवक संग्रहालय त्यासाठी आहे. नमुन्यासोबत झाड कोणते, साग की ऐन, जिवंत की पडलेले, याची नोंदही हवी, कारण साल निघून गेलेल्या ओंडक्यावरून नंतर ते सांगणे अवघड जाते. वाळवून नीट ठेवलेल्या जुन्या नमुन्यातूनही कधीकधी डीएनए मिळतो. जिथे यादीत फक्त नाव उरले आहे, तिथे ते कवक नेमके कोणते होते हे ठरवता येत नाही.