प्रिंटर हाताशी कसा आला

बेळगावच्या जिल्हाधिकारी कचेरीजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात उतारा निघेपर्यंत बसलो होतो. टेबल सनमायकाचे, चकचकीत. खुर्ची प्लास्टिकची, तिच्यावर घडी घातलेले पोते. प्रिंटर मात्र टेबलाखाली, लाकडी पाटावर. दर प्रिंटला दुकानातला पोरगा डावीकडे वाकायचा, कागद ओढायचा आणि सरळ होताना कमरेवर हात ठेवायचा. "वर जागा कुठं आहे की हो," तो म्हणाला. वर जागा का उरली नाही, याला दीडशे वर्षांचा तरी इतिहास आहे.

शरीर पाहून बैठक बसवायची अक्कल या भागाला नवी नाही. शहापूर-वडगावच्या विणकरांचा जुना माग बघा. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून विणकर काठावर बसणार. धोटा दोन्ही हातांच्या टप्प्यात, पायाने दाबायच्या पट्ट्या खड्ड्यात. इथे माग माणसाच्या मापाने बसवलेला. गावचा कुलकर्णीही गादीवर मांडी घालून, उतरत्या मेजावर मोडी लिहायचा. दौत उजवीकडे, दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, हात लांबवला की मिळतील असे. नक्कल हवी तर बघून हातानेच उतरवायची. 'उतारा' हा शब्द त्यातलाच. म्हणजे लिहिणारा आणि छापणारा एकच, आणि त्याला जागेवरून हलावे लागत नसे.

ही जोडी टाइपरायटरने फोडली. रेमिंग्टनचे यंत्र 1874 च्या सुमारास अमेरिकेत बाजारात आले. भारतात गोदरेजने स्वतःचे यंत्र 1955 मध्ये बनवले. लिहायचे टेबल साधारण 75 सेंटिमीटर उंच असते. टाइपिंगला ते उंच पडते, खांदे वर चढतात, म्हणून टंकलेखकाला सात-आठ सेंटिमीटर बुटके टेबल वेगळे मिळू लागले. कॉम्प्युटर आला तेव्हा ही शिकवण विसरली गेली. तो थेट साहेबाच्या उंच टेबलावर जाऊन बसला आणि मग कीबोर्डसाठी खालून सरकती फळी ठोकावी लागली. आजही आपण सुताराला टेबलाची लांबी-रुंदी सांगतो. बसणाऱ्याची उंची कुणी सांगत नाही.

काम माणसाच्या शरीराला जुळवून घ्यायचे शास्त्र म्हणजे 'एर्गोनॉमिक्स'. हा शब्द पोलंडच्या यास्त्शेंबोव्स्कीने 1857 मध्येच वापरला होता, पण तो रुळला 1949 नंतर, ब्रिटनमध्ये या विषयाची संस्था निघाल्यावर. मला त्याआधीचा एक अमेरिकन गवंडी जास्त जवळचा वाटतो. फ्रँक गिलब्रेथने पाहिले, की गवंडी दर विटेला जमिनीपर्यंत वाकतो, म्हणजे एका विटेबरोबर स्वतःचे अर्धे अंगही उचलतो. त्याने विटा कमरेच्या उंचीला ठेवणारी, भिंतीबरोबर वर सरकणारी परांची बनवली आणि एक वीट बसवायच्या 18 हालचाली जेमतेम 5 वर आणल्या. झेरॉक्सच्या दुकानातला पोरगा त्या परांचीआधीचा गवंडी आहे.

प्रिंटरची जागा शरीराकडे बघून कधीच ठरली नाही. ती आवाज, घाण आणि आकारमानावर ठरत आली. सायक्लोस्टाइलची शाई सांडायची, म्हणून ते यंत्र कोपऱ्यातल्या खोलीत. झेरॉक्स कंपनीचे 1959 चे 914 हे नकला काढायचे यंत्र जवळपास 300 किलोचे, त्याला वेगळी जागा लागायचीच. डॉट मॅट्रिक्स टेबलावर मावत होता, पण त्याची करकर सहन होईना. मग झाकण घातले किंवा मागे फट असलेल्या स्टँडवर दूर ठेवला, म्हणजे जोडकागदाची चळत खालून वर येईल. झेरॉक्स कंपनीतल्या गॅरी स्टार्कवेदरच्या डोक्यातून निघालेला लेझर प्रिंटर 1977 मध्ये बाजारात आला तेव्हा तोही भल्यामोठ्या कपाटाएवढा होता. एचपी कंपनीच्या 1984 च्या लेझरजेटने तो टेबलावर आणला: सुमारे 32 किलो वजन, मिनिटाला 8 पाने, किंमत 3,495 डॉलर. जुन्या लेझरना ओझोनचा वास असायचा, आणि 2007 मध्ये ऑस्ट्रेलियात 62 प्रिंटर तपासले तेव्हा 17 जास्त बारीक कण सोडणारे निघाले. त्यामुळे टेबलाखालच्या बंद खबदाडात, गुडघ्यांपाशी, प्रिंटर कोंबणे हे कमरेपुरतेच वाईट नाही.

आपल्याकडे खरी उलथापालथ 'भूमी'ने केली. 2000 च्या आसपास कर्नाटकाने जमिनीचे दफ्तर कॉम्प्युटरवर घेतले, हाताने लिहिलेला उतारा चालेनासा झाला आणि तालुक्याच्या खिडकीवर 15 रुपयांना छापील उतारा मिळू लागला. तलाठ्याच्या दारात खेटे घालणारे खानापूर-चिकोडीचे शेतकरी खिडकीकडे वळले, पुढे ऑनलाइन उतारा काढून देणाऱ्या दुकानांकडे. भाषेचे भांडण तिथेही सुटले नाही: उतारा कन्नडमध्ये, सोबतचा अर्ज कुणाला मराठीत हवा. पण टेबलाच्या दृष्टीने मोठा फरक वेगळाच. पूर्वी दिवसभर टाइप करून एखादी प्रत निघायची. आता दोन कळा दाबल्या की कागद. मुख्य काम छापणे झाले आणि टेबल मात्र टाइप करणाऱ्याचेच राहिले.

म्हणून 'प्रिंटर जवळ की लांब' याला एक उत्तर नाही. दिवसाला चार पाने काढणाऱ्या ऑफिसात तो दहा पावलांवर असलेलाच बरा, तेवढेच उठणे होते. दर पाच मिनिटांनी कागद काढणाऱ्याला तो कोपराच्या उंचीला, मान-कंबर न पिळता हात पोचेल असा हवा. लहान लेझरचा ट्रे पुढे उघडतो, म्हणून त्याच्यासमोर वीतभर जागा मोकळी लागते. आपल्या टेबलांवर नेमकी तीच नसते.

परवा पुन्हा त्या दुकानात गेलो. प्रिंटर पाटावरून उठून शिलाई मशीनच्या जुन्या लोखंडी स्टँडवर चढला होता, टेबलाला खेटून, डाव्या हाताला. पोरगा बसल्या बसल्या कागद काढत होता. ट्रे उघडा असला की त्याला चहाचा कप ठेवायला जागा नसते, म्हणून कप आता पाटावर.