तेलतवंगाचे मार्गानुमान

समुद्रात सांडलेल्या तेलाचा तवंग कोणत्या दिशेने, किती वेगाने सरकेल आणि किनाऱ्याला कोठे व केव्हा लागेल, याचा निरीक्षण आणि गणित यांच्या आधारे बांधलेला अंदाज.

तवंग प्रवाहाबरोबर वाहतो. शिवाय वाऱ्याच्या वेगाच्या सु. ३ टक्के वेग त्याला मिळतो, असे धरतात. वारा सेकंदाला १० मी. असल्यास हे अंतर दिवसाला सु. २६ किमी. भरते. या ३ टक्क्यांच्या मुळाविषयी मतभेद आहेत. हवा व पाणी यांच्या सीमेवरील घर्षण दोन्हीकडे सारखे मानल्यास त्यांच्या घनतांच्या गुणोत्तराचे वर्गमूळ सु. ०.०३४ येते. दुसऱ्या मताप्रमाणे यातील मोठा वाटा लाटांमुळे पाणी थोडेथोडे पुढे सरकते त्याचा, म्हणजे स्टोक्स वहनाचा आहे. प्रत्यक्ष आकडेमोडीत हा अंश १ ते ४ टक्क्यांपर्यंत बदलता ठेवावा लागतो. घनतांचे गुणोत्तर जवळजवळ स्थिर असल्याने त्यातून हा फरक उलगडत नाही. त्यामुळे लाटांचा वाटा मान्य करणे अधिक सयुक्तिक वाटते.

दिशेचा प्रश्न याहून जुना. फ्राम जहाजाच्या आर्क्टिक सफरीत (१८९३–९६) नॉर्वेजियन समन्वेषक नॅन्सेन यांना समुद्रावरील हिम वाऱ्याच्या दिशेच्या उजवीकडे २० ते ४० अंश सरकताना आढळले. स्वीडिश सागरवैज्ञानिक एकमन यांच्या सिद्धांतानुसार खोल समुद्राच्या पृष्ठभागी हा कोन ४५ अंश येतो. उथळ पाण्यात तो बराच कमी होतो.

किनाऱ्याजवळ भरती-ओहोटी निर्णायक ठरते. ओहोटीने बाहेर गेलेला तवंग पुढच्या भरतीला खाडीत शिरतो आणि खारफुटीत अडकलेले तेल हिशेबातून निसटते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा व खलिजिया-३ या जहाजांच्या टकरीनंतर उरण, अलिबाग परिसरातील किनाऱ्यांना याची झळ बसली.

उपग्रहावरील रडारला तवंग काळा दिसतो, कारण तेल बारीक लहरी दाबून टाकते. वारा पडलेला भागही तसाच दिसतो. भारतात हैदराबादचे इन्कॉइस (भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र) तवंगाच्या मार्गाचे अंदाज देते.

गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या सुमारास डांबरगोळे (सांडलेले तेल घट्ट होऊन बनलेले गोळे) येतात. मार्गाचे गणित काळात उलटे चालवून त्यांच्या उगमाचा पट्टा अजमावता येतो. मात्र टँकर की तेलविहीर, हे ठरवण्यासाठी तेलाचे रासायनिक ठसे जुळवावे लागतात.