पावसाळी समुद्रावरचं गोड्या पाण्याचं झाकण

नोव्हेंबर 2020 मध्ये जुहूपासून देवगडपर्यंत रात्रीच्या लाटा निळ्या चमकू लागल्या आणि फोनवर व्हिडिओंची रीघ लागली. चमकणारा जीव होता नॉक्टिल्यूका. एकाच पेशीचा, तरी अर्धा-एक मिलिमीटरचा. साधारण खसखशीच्या दाण्याएवढा. असा जीव एकाएकी माजत नाही. त्याआधी त्याच्या खाण्याची, म्हणजे सूक्ष्म शेवाळाची, सोय व्हावी लागते आणि आपल्या किनाऱ्यावर ती सोय जूनपासूनच सुरू झालेली असते.

शेवाळाचा बहर म्हटलं की नद्यांनी वाहून आणलेल्या खताकडे बोट दाखवलं जातं. मिसिसिपीच्या मुखाशी ते खरंही आहे. कोकण-गोव्याच्या नद्या मात्र आखूड. सह्याद्रीत उगम आणि शंभरेक किलोमीटरच्या आत समुद्र. त्यांच्यातूनही नायट्रेट, म्हणजे नायट्रोजनचं खत, येतं, पण पावसाळ्यात इथल्या किनारी समुद्राला मिळणाऱ्या खताचा मोठा वाटा खालून, खोल पाण्यातून येतो. नदीचं मोठं काम वेगळंच आहे. ती समुद्रावर झाकण घालते.

हे घरी पाहता येतं. एक लिटर पाण्यात 35 ग्रॅम मीठ विरघळवा, शाईचे चार थेंब टाका आणि काचेची बरणी अर्धी भरा. हा झाला समुद्र. आता साधं पाणी चमच्याच्या पाठीवरून, बरणीच्या कडेने, अगदी हळू सोडा. धबकन ओतलंत तर सगळं ढवळून निघेल आणि प्रयोग फसेल. नीट जमलं तर रेघ मारल्यासारखे दोन थर दिसतात. वरून फुंकर मारा: वरचं पाणी हलतं, निळं खालीच राहतं. एक घनमीटर गोडं पाणी 1,000 किलोंचं, तर तेवढंच समुद्राचं पाणी सुमारे 1,023 किलोंचं. या तेवीस किलोंच्या फरकावर मात करायला वाऱ्याला फार जोर लावावा लागतो.

आता प्रवाहाकडे वळू. जून ते सप्टेंबर भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. वाऱ्याचा किनाऱ्याला समांतर भागही दक्षिणेकडेच असतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं पाणी उजवीकडे वळतं, म्हणजे इथे किनाऱ्यापासून दूर. ती जागा भरायला खालचं थंड, नायट्रेटने भरलेलं पण प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्याच्या उथळ तळावरून वर सरकतं. केरळात याचा जोर जास्त, उत्तरेकडे तो कमी होत जातो. हिवाळ्यात प्रवाह उलटतो, बंगालच्या उपसागराकडचं कमी खारं पाणी घेऊन उत्तरेकडे वाहतो आणि खालून होणारा पुरवठा थांबतो.

गोव्यासमोर या दोन्ही गोष्टींची गाठ पडते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 1997 पासून कांदोळीसमोर, सुमारे 25 मीटर खोलीच्या ठिकाणी, वर्षानुवर्षं नोंदी घेतल्या आहेत. तिथे पावसाळ्यात तळाचं पाणी पार थंड होतं, पण पाऊस आणि नद्यांचा पाच-दहा मीटरचा थर त्याला वर येऊ देत नाही. खत झाकणाच्या काठापर्यंत येऊन अडतं. शेवाळ वाढतं ते थरांच्या सीमेवर, जिथे वरून थोडा उजेड आणि खालून खत मिळतं. मेलेलं शेवाळ तळाला जातं, जिवाणू ते कुजवताना प्राणवायू खातात आणि वरून नवा प्राणवायू उतरत नाही. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाचा प्राणवायू संपतो. कधी तर सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. कोळंबी आणि तळाचे मासे तिथून सरकतात किंवा मरतात.

पाऊस ओसरला की झाकण सैल होतं, आभाळ मोकळं होतं, ऊन पडतं. डायाटम, म्हणजे काचेचं कवच असलेलं सूक्ष्म शेवाळ, याचीच वाट पाहत असतं. रोज दुप्पट होणारी एक पेशी दहा दिवसांत 1,024 होते. कवचाला सिलिका लागते, ती नदीकडूनही मिळते. सह्याद्रीचा काळा कातळ झिजून ती पाण्यात उतरते. डायाटमना नायट्रोजन आणि सिलिका जवळपास सारख्या प्रमाणात लागतात. सिलिका आधी संपली की मैदान इतर जातींना मोकळं. नॉक्टिल्यूका तर बऱ्याचदा डायाटमच खातो, म्हणून त्यांच्या मागोमाग येतो. तो विषारी नाही, पण शरीरात अमोनिया साठवतो. बहर मेला की हा अमोनिया पाण्यात सुटतो आणि पाणी अडकलेल्या खाडीत मासे गुदमरतात.

हे सगळं उपग्रहावरून दिसेल असं वाटतं, पण नेमक्या पावसाळ्यात ढग आड येतात. शिवाय नदीचा गाळ आणि कुजक्या पाल्याचा चहासारखा रंग उपग्रहाने मोजलेला क्लोरोफिलचा, म्हणजे शेवाळातल्या हिरव्या रंगद्रव्याचा, आकडा फुगवतो, त्यामुळे मुखाजवळचा प्रत्येक हिरवा डाग बहर नसतो. बादलीतल्या नमुन्याचीही अडचण तीच: वरचं पाणी घेतलं तर झाकणच हाती लागतं, शेवाळ पाच मीटर खाली राहतं. त्यामुळे निरनिराळ्या खोलींवर, क्षारता मोजतच पाणी घ्यावं लागतं. डायाटमचा नमुना टिकवायला 100 मिलिलिटरला सुमारे एक मिलिलिटर ल्यूगोल आयोडीन (आयोडीनचं द्रावण) पुरतं. नॉक्टिल्यूका मात्र अशा रसायनांत चुरमडतो. तो त्याच रात्री, जिवंत असतानाच पाहावा: बाटली अंधारात नेऊन हलकेच हलवायची.