जोखीम वेगळी, इशारा वेगळा

डोंगराच्या पायथ्याशी गाव असणं ही जोखीम. पावसात जमिनीला भेगा पडणं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ येणं हा इशारा. दरडीच्या बाबतीत हा फरक आपल्याला चटकन कळतो. किशोरवयीन मुलांच्या आत्महत्येबद्दल बोलताना मात्र जोखमीचे घटक आणि धोक्याच्या खुणा सर्रास एकाच यादीत कोंबल्या जातात.

घटक जुने असतात: आधी केलेला प्रयत्न (सगळ्यांत वजनदार हाच), नैराश्य, व्यसन, घरातली आत्महत्या, मारहाण, लैंगिक अत्याचार, शाळेतला छळ. यातलं काही ना काही वाट्याला आलेली बहुतेक मुलं त्या टोकाला जात नाहीत. त्यामुळे लक्ष कुणाकडे जास्त हवं एवढंच घटकांवरून कळतं. आज रात्रीचं काही कळत नाही.

खुणा या आठवड्यातल्या असतात. ‘मी नसलेलाच बरा’ असं बोलणं, लाडकी बॅट मित्राला देऊन टाकणं, निरोप घेतल्यासारखं स्टेटस, उडालेली झोप. इथे पाहायचा तो बदल. मुळातच अबोल असलेली मुलगी गप्प बसली तर ती खूण नव्हे. बडबडी मुलगी पंधरा दिवस ताटावर मान वर करत नसेल, तर आहे. आणि बरेच दिवस घालमेलीत असलेलं मूल अचानक शांत झालं, की ‘सुटलो बाबा’ म्हणून मोकळे होऊ नका.

मग परीक्षा कशात मोडते? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत, सर्वाधिक महाराष्ट्रात. बातमीत ‘नापास झाला म्हणून’ एवढंच येतं. माझ्या मते निकाल हे बहुतेकदा निमित्त असतं. मागे बरंच काही साचलेलं असतं.

घटक दिसले तर काम लांब पल्ल्याचं: उपचार, समुपदेशन, घरात मार्कांपलीकडच्या गप्पा. खूण दिसली तर त्याच दिवशी, शांतपणे, सरळ विचारा: “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते, हा गैरसमज आहे. उत्तर ‘हो’ आलं, तर रागावू नका, एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि कीटकनाशकं कुलपात ठेवा, डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं. मुलाला फोन करणं जड जात असेल, तर पालकांनी लावावा.