लेन्सची खरी ओळख धूसर भागात

५० मिलिमीटरच्या दोन प्राइम (झूम न होणाऱ्या) लेन्स एकाच कॅमेऱ्यावर आळीपाळीने लावा आणि अपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं छिद्र, एफ/८ पर्यंत आवळून तोच फोटो काढा. कुठला फोटो कुठल्या लेन्सचा, हे सांगताना मुरलेले फोटोग्राफरही अडखळतात. आता अपर्चर पूर्ण उघडा आणि पाठीमागे दिव्यांची माळ येऊ द्या. फरक डोळ्यांत भरतो.

एफ/८ ला प्रकाशाला मिळणारी वाट जेमतेम सव्वासहा मिलिमीटर रुंद असते, तीही भिंगांच्या मधोमध. एफ/१.८ ला ती सुमारे २८ मिलिमीटर होते. कडेकडून येणारे किरण मधल्या किरणांच्या बिंदूत नेमके मिळत नाहीत. हेच गोलीय विपथन. ते पुरतं कधीच जात नाही. ते किती आणि कसं आवरायचं हे लेन्स घडवणारा ठरवतो, आणि जे उरतं त्यातून लेन्सचा स्वभाव घडतो.

पाठीमागचा एखादा दिवा स्क्रीनवर मोठा करून बघा. त्याची चकती झालेली असते. विपथन प्रमाणाबाहेर सुधारलेलं असेल, तर चकतीची कड झगझगीत आणि मधला भाग फिका दिसतो. अशा लेन्समध्ये मागच्या फांद्या दुहेरी रेघांच्या होतात आणि चेहऱ्यावरून लक्ष उडतं. थोडं कमी सुधारलेलं असेल, तर चकती कडेला विरत जाते आणि पार्श्वभूमी मऊ होते. फोकसच्या पुढे असलेल्या वस्तूंचं मात्र बरोबर उलटं! फ्रेमच्या कोपऱ्यांत हीच चकती बदामी आकाराची होते, कारण तिरपे किरण लेन्सच्या नळीच्या कडेला अडतात. हेलिओस ४४ या जुन्या सोव्हिएत लेन्समध्ये झाडांची पानं भोवऱ्यासारखी फिरलेली दिसतात, त्यात याचा मोठा वाटा आहे.

आजच्या बहुतेक ५० मिमी लेन्सचं मूळ झाइस या जर्मन कंपनीच्या प्लानार लेन्समध्ये सापडतं, जी पॉल रुडॉल्फ यांनी १८९६ मध्ये रचली. रचना सुंदर, पण काच आणि हवा भेटतील असे आठ पृष्ठभाग. लेप नसलेला प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो, म्हणजे आठांतून पार होतो साधारण ७२ टक्के. परतलेला काही प्रकाश आतच घुटमळतो आणि सावल्या राखाडी करतो. लुडविग बेर्टेले यांनी झाइसच्या सोनार या लेन्समध्ये भिंगं एकमेकांना चिकटवून असे पृष्ठभाग सहावर आणले. म्हणून १९३० च्या दशकात तिचे फोटो जास्त ठसठशीत येत. १९३५ मध्ये झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन रोखणारा लेप शोधला आणि प्लानारच्या घराण्याला पुन्हा बरे दिवस आले.

२०१४ च्या सिग्मा ५० मिमी एफ/१.४ आर्टमध्ये १३ भिंगं आहेत, कॅननच्या स्वस्त एफ/१.८ एसटीएममध्ये ६. सिग्मा पूर्ण उघड्या अपर्चरलाही लख्ख शार्प असते. तरी माणसांचे फोटो काढायचे असतील, तर शार्पनेसच्या आकड्यांआधी चकत्या बघाव्यात, असं माझं ठाम मत आहे.

तुलना करताना विषयाचं अंतर मात्र सारखं ठेवा. फोकस जवळ आणला की गोलीय विपथनही बदलतं, त्यामुळे दोन मीटरवर मऊ वाटणारी लेन्स अर्ध्या मीटरवर वेगळीच वागू शकते.