‘डॉक्टर, जरा वीकनेस पण वाटतो’

बीपी बघून होतं, चिठ्ठी लिहून होते, फी देऊन होते. उठता उठता पेशंट घुटमळतो आणि म्हणतो, ‘डॉक्टर, हल्ली जरा वीकनेस पण वाटतो.’ जनरल प्रॅक्टिसमध्ये मुरलेल्या डॉक्टरला हा ‘वीकनेस’ कसला ते बरोबर कळतं. बाहेर वेटिंगमध्ये पेशंटचा शेजारी बसलेला, कंपाउंडर पडद्याच्या अलीकडे, आणि ज्या डॉक्टरने याच्या आईची साखर तपासली, बायकोचं बाळंतपण पाहिलं, त्याच्याशीच बोलायचं. मग टॉनिकची बाटली लिहून दिली जाते आणि दोघंही सुटतात.

लिंगाला पुरेशी ताठरता न येणं किंवा आलेली न टिकणं, या तक्रारीला आपल्याकडे शब्दच नाहीत असं नाही. शब्द भरपूर आहेत, पण त्यातले निम्मे शिव्या आहेत आणि उरलेले भिंतीवर रंगवलेले.

फार पूर्वी तसं नव्हतं. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी वाजीकरण, म्हणजे संभोगशक्ती वाढवण्याचं शास्त्र, हे एक. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला दुसरा अध्याय त्याचाच आहे, आणि पुढे तिसाव्या अध्यायात क्लैब्याचे, म्हणजे नपुंसकत्वाचे, चार प्रकार सांगितले आहेत: बीज बिघडल्यामुळे, इंद्रियच बिघडल्यामुळे, म्हातारपणामुळे आणि शुक्रक्षयामुळे, म्हणजे वीर्य क्षीण झाल्यामुळे. वयाचा भाग वेगळा आणि अवयवातला बिघाड वेगळा, ही विभागणी आजच्या ओपीडीतही चालून जाईल. पण वैद्याच्या तोंडी निदान असलेला हाच ‘क्लैब्य’ शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, शस्त्र टाकून बसलेल्या अर्जुनाला सुनावताना येतो. आपल्या घरांतून चरक कोणी वाचत नव्हतं, गीता मात्र पाठ होती. षंढ आणि नामर्द या शब्दांचंही तेच झालं. ते आजाराचे राहिले नाहीत, भित्रेपणाचे झाले. ज्या शब्दाने आपल्याला भर चौकात हिणवलं जातं, तो तपासणीच्या टेबलावर स्वतःबद्दल कोण वापरणार?

मराठीत या विषयावर सरळ बोलणारा पहिला ठळक माणूस डॉक्टर नव्हता, गणिताचा प्राध्यापक होता. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, पुढे याच कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गमावली आणि जुलै 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. वाचक पत्रं लिहून आपल्या अडचणी विचारत, कर्वे त्यांना रोखठोक उत्तरं देत. या उत्तरांवरच 1934 मध्ये अश्लीलतेचा खटला उभा राहिला. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक प्रश्नांवर लिहिलं म्हणजे ते अश्लील होत नाही, आणि लोक विचारतात तर उत्तर का देऊ नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. मासिक मात्र कर्व्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत चाललं. एक गोष्ट मला यात महत्त्वाची वाटते: प्रश्न विचारणारे तेव्हाही होते. त्यांना फक्त समोरासमोर बसायचं नव्हतं.

ही नेमकी गरज जाहिरातवाल्यांनी ओळखली. रेल्वेच्या रुळालगतच्या भिंती, एसटी स्टँडवरच्या मुताऱ्या, रस्त्याकडेचे तंबू: ‘गुप्तरोग’, ‘खोई हुई ताकत’, ‘एक बार मिलें’. धातू म्हणजे वीर्य जातं म्हणून अशक्तपणा येतो, ही जुनी धास्ती त्यांच्या धंद्याचं भांडवल. या धास्तीला डॉ. एन. एन. विग यांनी 1960 मध्ये मनोविकारशास्त्रात ‘धात सिंड्रोम’ म्हणून नोंदवलं. त्याआधीच, 1954 च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर बंदी घातली होती. कायदा आहे आणि भिंतीही आहेत. कोणीही लोकलच्या खिडकीतून खात्री करून घ्यावी.

शिकलेल्या डॉक्टरांची बाजूही फार उजळ नव्हती. विसाव्या शतकात बराच काळ जगभर हा त्रास प्रामुख्याने मनाचा मानला गेला. ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला तिथूनच आला. 1982 मध्ये फ्रान्समध्ये रोनाल्ड विराग यांनी रक्तवाहिन्या सैल करणारं पॅपॅव्हरीन टोचून ताठरता आणता येते हे दाखवलं. पुढच्याच वर्षी ब्रिटिश शास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी लास वेगासच्या परिषदेत भाषणाआधी स्वतःला इंजेक्शन घेतलं आणि भाषण चालू असतानाच विजार उतरवून परिणाम श्रोत्यांना दाखवला. सभागृहात काय झालं असेल याची कल्पना करावी. पण हा प्रश्न नुसता मनाचा नाही, रक्तवाहिन्यांचाही आहे, हा मुद्दा सिद्ध झाला. डिसेंबर 1992 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी ‘इम्पोटन्स’ हा शब्द टाकून ‘इरेक्टाइल डिस्फंक्शन’ म्हणावं अशी शिफारस केली. माणसाला लावलेलं विशेषण गेलं, अवयवाच्या कामातला दोष उरला. 1994 मध्ये बॉस्टन परिसरातल्या 40 ते 70 वयाच्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कमी-अधिक तक्रार असलेले 52 टक्के निघाले.

मग 27 मार्च 1998 ला व्हायग्राला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यातलं सिल्डेनाफिल हे औषध मुळात हृदयशूळासाठी, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं त्यासाठी, तपासलं जात होतं. आपल्याकडे तेव्हा औषधांच्या रेणूवर पेटंट नव्हतं, फक्त प्रक्रियेवर होतं. त्यामुळे मूळ कंपनी 2005 च्या शेवटी भारतात उतरली तोवर देशी गोळ्या दुकानांत रुळल्या होत्या. चिठ्ठीशिवाय विकू नये असं पाकिटावर लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात माणूस घरापासून लांबचा केमिस्ट गाठतो, दुकानात गर्दी नसेल असं बघतो आणि नाव सांगतो. भिंतीवाल्याकडे निदान काहीतरी बोलावं तरी लागायचं!

पण डॉक्टरला टाळण्यात धोका आहे, आणि तो याच गोळीच्या जन्मकथेत आहे. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी आणि सिल्डेनाफिल एकत्र आली तर रक्तदाब एकदम कोसळतो. जीवही जाऊ शकतो. शिवाय लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक. चरबी साचू लागली की तिथे आधी कळतं, छातीत दुखायला अनेकदा काही वर्षं लागतात. मधुमेहाचंही तसंच. ‘वीकनेस’वर टॉनिक दिलं तेव्हा ही सूचना वाया गेली.

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा स्वतंत्र विभाग उभा केला, तेव्हा सरकारी केसपेपर काढून या तक्रारीसाठी रांगेत उभं राहण्याची सोय झाली. लैंगिक समुपदेशक डॉ. महिंदर वत्स 2005 पासून इंग्रजी वर्तमानपत्रात निनावी पत्रांना मिश्कील उत्तरं देत राहिले, जवळजवळ 2020 मधल्या मृत्यूपर्यंत. म्हणजे कर्व्यांचीच रीत.

जाणते डॉक्टर आता पेशंट उठायची वाट बघत नाहीत. साखरेचा रिपोर्ट बघता बघता, मान वर न करता विचारतात: ‘संबंधात काही अडचण? पहाटे ताठरता येते का?’ दुसरा प्रश्न नुसता चौकशीचा नाही. पहाटे येत असेल तर शिरा आणि नसा बहुधा ठीक आहेत, मग मनाकडे किंवा घराकडे बघायचं. तीही येत नसेल तर रक्ताच्या तपासण्या आणि ईसीजी.